पोट दुखतंय, ताई

निवासी उन्हाळी शिबिरात मुलांच्या तोंडून सतत ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘पोट दुखतंय, ताई’. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शरीराचे आणि मनाचे निम्मेअधिक त्रास सांगायला हे एवढंच वाक्य येतं. घरची आठवण आली की पोट दुखतं. संडास लांब आहे, अंधारात आहे आणि दाराची कडी नीट लागत नाही, म्हणून दोन दिवस दाबून धरलं की पोट दुखतं. पाणी न पिता उन्हात खेळल्यावर मळमळतं, तेही पोटच. एखाद्या मुलीची पहिली पाळी नेमकी शिबिरात येते. ती घाबरून तेच सांगते. अपेंडिक्सची सुरुवातही बहुधा बेंबीभोवतीच्या दुखण्यानेच होते. आणि सह्याद्रीच्या कुशीत, सतरंजीवर झोपलेल्या मुलाचं पोट पहाटे अचानक दुखू लागलं, तर ते मण्यार चावल्याचंही लक्षण असू शकतं.

घरी यातलं काय खरं नि काय वरवरचं, हे ओळखायला आई-बाबा असतात, आजी असते. पोरगं रोज किती जेवतं, खरं रडतं तेव्हा कसं रडतं, हे त्यांना ठाऊक असतं. शिबिरातल्या साठ मुलांबद्दल हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून शिबिराच्या सुरक्षिततेचा विचार मी प्रथमोपचाराच्या पेटीपासून सुरू करत नाही. पहिला प्रश्न हा, की या मुलाने आपला त्रास नेमका कुणाला सांगायचा? ‘इथे सगळेच ताई-दादा आहेत, कुणालाही सांगा’ हे उत्तर पुरेसं नाही. बुजरं मूल अशा वेळी कुणालाच सांगत नाही. चांगल्या शिबिरात आठ-दहा मुलांचा गट असतो आणि त्या गटाची एक ताई किंवा दादा पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. तो त्यांच्याच पंगतीत जेवतो. रोज सकाळी प्रत्येकाला विचारतो: झोप लागली का, संडासला झालं का, काल किती पाणी प्यायलास, लघवी पिवळी होते का? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण शिबिरातली बहुतेक गंभीर दुखणी आधी अशाच किरकोळ उत्तरांमधून डोकावतात.

मण्यारचंच बघा. आपल्याकडची बरीच शिबिरं मुळशी, पानशेत, कर्जत, कोलाड, कोकणपट्टी अशा भागांत ऐन एप्रिल-मेमध्ये भरतात. मण्यार रात्री हिंडतो, भक्ष्याच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेला माणूस कुशीवर वळला की चावतो. त्याचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज येत नाही, फारशी आग होत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. मूल जागं होतं ते पोटात कळ येऊन किंवा उलटी होऊन. रात्रीच्या भज्यांचा त्रास झाला असेल असं समजून त्याला ओव्याचं पाणी देऊन झोपवलं, की मोलाचे तास गेले. अशा वेळी टॉर्च घेऊन मुलाचा चेहरा बघावा. ‘वर बघ’ म्हटल्यावर पापण्या पूर्ण उघडतात का? समोरचं एक बोट दोन दिसतंय का? थुंकी गिळता येते का, आवाज नाकातून येतोय का? यातलं एकही बिघडलेलं असेल तर उजाडायची वाट पाहायची नाही. हे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. त्यामुळे सापाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय, दोन्ही असलेलं रुग्णालय लागतं.

हे टाळायचे उपाय मात्र स्वस्त आहेत. खाटा असतील तर उत्तमच. नसतील तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी खोचायच्या. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण कमी असतं, हे नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीतही दिसलं आहे. झोपायच्या खोलीत चिवडा-लाडवाचे डबे ठेवू देऊ नयेत; खाऊ आला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कुठलाही साप चावला तरी कापणं, चोखणं, दोरीने करकचून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं, सापामागे धावणं, यातलं काहीही करू नये. मुलाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि उचलून न्यावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते. ती जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे, हे शिबिर सुरू होण्याआधीच फोन करून विचारून ठेवलेलं असावं. रात्री दोन वाजता ही चौकशी करत बसायची नसते.

विंचवाबद्दल तर महाराष्ट्राने जगाला शिकवलं आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावत आणि डॉक्टरांच्याही हाती फारसं काही नसे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या विषाची चाल अभ्यासली. ते हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर कसं घाव घालतं हे त्यांनी नोंदवलं आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. डॉ. हिंमतराव बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. शिबिरातल्या ताई-दादांनी त्यांच्या कामातून एक गोष्ट घ्यायची. नुसती ठणकत असलेली जागा ही तितकी घाबरायची गोष्ट नव्हे. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि तोंडातून गळणारी लाळ दिसली की वेळ न दवडता दवाखाना गाठायचा, मग वेदना कमी का असेना. विंचू उन्हाळ्यात बरेच निघतात. सकाळी बूट झटकून घालायचे आणि शेकोटीची लाकडं रात्री हाताने चाचपून उचलायची नाहीत, एवढी सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावता येते, आणि मुलांना ती आवडतेही.

साप-विंचवाची भीती पालकांच्या मनात आधीच असते. उन्हाची तेवढी नसते, आणि मला ती जास्त असावी असं वाटतं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. पण खाडीलगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. कोकणात शिबिर घेणाऱ्यांनी केवळ तापमानाचा आकडा पाहून खेळांचं वेळापत्रक आखू नये. दुसरी गोष्ट सवयीची. अंगाला उन्हाशी जुळवून घ्यायला आठवडाभर तरी लागतो. पंख्याखाली अभ्यास करून परीक्षा दिलेलं मूल परवा शिबिरात आलं आणि आज त्याला किल्ल्यावर चढवलं, तर धोका त्यालाच सर्वांत जास्त. सहा-सात दिवसांच्या शिबिरात ट्रेक पहिल्या दोन दिवसांत ठेवू नये. ठेवलाच तर पहाटे निघून दहाच्या आत खाली उतरावं. अकरा ते चार सावलीत कागदकाम, गोष्टी, झोप.

मुलं खेळाच्या नादात तहान विसरतात, म्हणून ‘तहान लागली की प्या’ ही सूचना उपयोगाची नाही. दर अर्ध्या तासाला शिटी वाजवून सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं. सरबत, ताक, पन्हं, हे आपलं जुनं शहाणपण इथे पुरेपूर कामी येतं. डोकं दुखणं, पायात पेटके, चिडचिड, घामाने ओलीचिंब झालेली गार कातडी दिसली की मुलाला सावलीत निजवावं, पाय थोडे उंच ठेवावेत, घोट घोट पाणी द्यावं. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं, झोकांड्या खाऊ लागलं, तर तो उष्माघात समजायचा, अंगाला घाम असला तरीही. तेव्हा गाडी येईपर्यंत वाट पाहायची नाही. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत गार पट्ट्या ठेवायच्या, आणि 108 ला फोन. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

जुलाब-उलट्यांवर ओआरएस लागतं. त्याचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवायचं. अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर ते जास्त गुणकारी होत नाही, उलट अपाय करतं. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचवलं. छावणी असो की शिबिर, साथ पसरण्याचं मोठं कारण म्हणजे सामाईक पाणी. शिबिर गावच्या विहिरीवर किंवा टँकरवर चालत असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरली जाते का हे पाहावं. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम पावडर. ती बादलीभर पाण्यात कालवून, खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास त्या पाण्याला हात लावायचा नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ओटी टेस्ट करून दाखवतो: नळीतलं पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. हा प्रयोग मुलांसमोरच करावा. विज्ञानाच्या तासापेक्षा तो जास्त लक्षात राहतो. स्वयंपाकघरातला नियम याहून सोपा. सकाळचा भात रात्री फोडणीला टाकायचा नाही. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

आता पोहण्याबद्दल. 2018 च्या एप्रिलमध्ये मुळशी तालुक्यातल्या कातरखडक इथे चेन्नईहून उन्हाळी शिबिराला आलेली तीन शाळकरी मुलं धरणाच्या पाण्यात बुडून गेली. अशा बातम्या आल्या की लोक म्हणतात, मुलं ऐकत नाहीत. मूल पाण्याकडे धावणारच. त्याचं वयच ते आहे. प्रश्न काठावरच्या मोठ्या माणसांचा आहे. मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून तो वाळल्यासारखा दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाण्याखाली जुने बांध, कधी जुनी विहीर असते. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पुढच्या पावलाखाली एकदम पुरुषभर खोली असू शकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रशिक्षित जीवरक्षक, दोरी, लाइफ जॅकेट आणि आखून दिलेली हद्द नसेल तर धरण, नदी, समुद्र, विहीर यांत मुलांना ‘नुसते पाय भिजवायला’सुद्धा नेऊ नये.

बुडणं कसं दिसतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. अमेरिकन जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं निरीक्षण करून दाखवलं, की प्रत्यक्षात तसं घडत नाही. बुडणारं मूल पाण्यात उभं असतं, डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली. हात हलवून बोलवायला मोकळे नसतात. ते आपोआप पाणी खाली दाबत असतात. श्वास घ्यायलाच सवड नाही, तिथे ओरडणार कसं? हे सगळं वीस ते साठ सेकंदांत आटोपतं, आणि शेजारची मुलं खेळत राहतात. त्यामुळे पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्याने दुसरं काहीच करायचं नाही: फोटो काढायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलायचा. मुलांच्या जोड्या लावायच्या आणि शिटी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकटा हात दिसला की सगळ्यांनी बाहेर. मूल बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढायची आपल्याकडची रीत घातक आहे. श्वास चालत नसेल तर तोंडाने पाच श्वास द्यायचे आणि लगेच छातीवर दाब सुरू करायचा. हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. शिबिरात निदान दोघांनी ते पुतळ्यावर शिकलेलं असलं पाहिजे.

साहसी खेळ घेणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्र शासनाचं धोरण ऑगस्ट 2021 पासून आहे, आणि त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पालकांनी नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं. मागायला संकोच वाटतो, हे खरं. ते सहजपणे काढून दाखवणारा संयोजक बाकीच्या बाबतीतही नीटनेटका असतो, असं मला वाटतं.

शिबिराच्या अर्जात ‘काही आजार आहे का?’ अशी एक ओळ असते आणि पालक तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. दमा आहे असं लिहिलं तर घेणार नाहीत, फिट येते म्हटलं तर परत पाठवतील, अंथरूण ओलं करतो म्हटलं तर मुलं चिडवतील, ही भीती असते. ती समजण्यासारखी आहे, पण लपवलेला दमा डोंगरावर उघडा पडतो. इन्हेलर बॅगेच्या तळाशी आणि बॅग पायथ्याच्या खोलीत, अशी स्थिती येऊ नये. इन्हेलर मुलाच्या खिशात आणि दुसरा गटाच्या ताईकडे. फिट येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवायचं, भोवतालच्या वस्तू हलवायच्या, घड्याळ लावायचं. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय. आणि संयोजकांनीही अर्ज असा छापावा, की खरं लिहिणाऱ्या आईला आपलं पोर नाकारलं जाणार नाही असा भरवसा वाटेल.

रात्रीच्या रडण्याकडे वळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी शिबिरातल्या मुलांच्या घरच्या ओढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. थोडीबहुत ओढ जवळजवळ सगळ्यांनाच लागते आणि बहुतेकांची ती शिबिरातच निवळते. त्यांनी पालकांना दिलेला एक सल्ला आपल्या आयांना कठीण जाईल: ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येते’ असं वचन देऊ नका. त्यातून मुलाला कळतं, की आईलाही आपण राहू शकू असं वाटत नाही. त्याऐवजी शिबिराआधी मावशीकडे, आत्याकडे दोन रात्री राहायची सवय करावी. शिबिरातल्या ताईने ‘एवढा मोठा झालास नि रडतोस?’ म्हणू नये. शेजारी बसावं, घरी कोण कोण आहे ते विचारावं, उद्याचं एखादं काम त्याच्यावर सोपवावं. जे मूल जेवत नाही, झोपत नाही आणि दोन-तीन दिवसांनीही सावरत नाही, त्याच्या घरी मात्र फोन करावा.

कधी रडण्याचं कारण वेगळंच असतं. कुणीतरी अंगाला हात लावलेला असतो: मोठं मूल, स्वयंपाकी, शिक्षक, आवडता दादाही. मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं असू नये, मुलांच्या न्हाणीघरात दोघांशिवाय जाऊ नये, झोपायच्या खोलीत फोनचा कॅमेरा नको: हे नियम पहिल्या दिवशी सर्वांसमोर मोठ्याने वाचावेत, म्हणजे नियम मोडला की मुलालाही कळतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी घटना कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘शिबिराचं नाव खराब होईल’ म्हणून आपसांत मिटवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा.

मूल घरी आल्यावर पालक कपडे धुवायला टाकतात, फोटो बघतात, वजन उतरलं म्हणून हळहळतात. त्याआधी एक प्रश्न शांतपणे विचारावा: कुत्रा, मांजर, माकड, कुणी चावलं किंवा ओरखडलं का? माथेरान-महाबळेश्वरला माकडं हातातला खाऊ ओढतात, शिबिराच्या आवारात कुत्र्याची पिल्लं असतात, आणि मुलं ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवतात. रेबीज एकदा झाला की वाचवता येत नाही. लस वेळेत घेतली तर तो होत नाही. जखम ताजी असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. चावून आठ दिवस झाले असतील तरी जायचंच. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पुरे करावे लागतात. उशिरा सांगितलं म्हणून त्या वेळी मुलाला रागावू नये. जनावर कोणतं होतं, पाळीव की भटकं, कुठे आणि कधी चावलं, हे सगळं डॉक्टरांना त्याच्याच तोंडून कळायचं असतं.